लाख कोटींचे करार आणि तालुक्यातला कारखाना

दरवर्षी जानेवारी उजाडला की स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेतून आकडे यायला लागतात. २०२३ मध्ये महाराष्ट्राने तिथे १.३७ लाख कोटी रुपयांचे करार केले, २०२४ मध्ये साडेतीन लाख कोटींचे, आणि २०२५ मध्ये आकडा पंधरा लाख कोटींच्या वर गेला. आपल्या राज्याचं वर्षभराचं एकूण उत्पन्न तेव्हा, २०२४-२५ मध्ये, ४५ लाख कोटींच्या आसपास होतं. म्हणजे चार-पाच दिवसांत त्याच्या एक तृतीयांश रकमेवर सह्या झाल्या. आणि तरीही परभणीचा, वाशीमचा, नंदुरबारचा आयटीआय झालेला पोरगा बॅग भरून चाकणची नाहीतर रांजणगावची गाडी पकडतोच आहे.

त्याच्या घरच्यांनी ‘एवढे करार झाले, मग आमच्याकडे काय आलं?’ असं विचारलं, तर त्यांना अडाणी समजू नये. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र अनेक खात्यांच्या शासन निर्णयांत विखुरलेलं आहे आणि त्यांची भाषा सामान्य माणसाला वाचून कळत नाही. ते उलगडून पाहू.

सरकार उद्योगाला बोलावतं म्हणजे नेमकं काय करतं?

उद्योग आपण होऊन मागास भागात जात नाही. जिथे आधीच कारखाने आहेत तिथे सुटे भाग करणारे, यंत्रं दुरुस्त करणारे, माल वाहणारे, हाताला वळण लागलेले कामगार असं सगळं एका हाकेवर असतं. म्हणून मुंबई-ठाणे वाढलं, पिंपरी-चिंचवड वाढलं, आणि एकदा वाढायला लागल्यावर वाढतच गेलं. उरलेल्या राज्याचं काय, हा प्रश्न महाराष्ट्र स्थापन झाला तेव्हाच समोर उभा होता.

त्यावर तेव्हाच्या राज्यकर्त्यांनी दोन वाटा काढल्या. १९६१ मध्ये कायदा करून पुढच्याच वर्षी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, सुरू केली. जमीन संपादन करायची, रस्ते-पाणी-वीज द्यायची आणि भूखंड उद्योजकांना ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचे, हे तिचं काम. दुसरी वाट १९६४ ची, ‘सामूहिक प्रोत्साहन योजना’. मुंबई-पुण्याच्या पट्ट्याबाहेर कारखाना काढा, आम्ही तुमचा काही खर्च उचलतो, असं सरकारने सांगितलं. ही योजना दर काही वर्षांनी नव्याने लिहिली जाते, पण गाभा तोच राहिला आहे.

एखाद्या गावाला डॉक्टर हवा असतो, तेव्हा ग्रामपंचायत काय करते ते आठवा. दवाखान्याला खोली देतो, पाच वर्षं भाडं नको, म्हणते. शेजारचं गाव त्यावर राहायला घरही देऊ करतं. डॉक्टर दोन्हीकडचं ऐकून घेतो आणि बघतो भलतंच: पावसाळ्यात रस्ता चालू राहतो का, पेशंट किती येतील, जवळ औषधाचं दुकान आहे का, मुलांना शाळा कुठली. नुसत्या फुकट खोलीसाठी आलेला डॉक्टर पाच वर्षं सरताच निघून जातो. रमला, तर त्याच्यामागून मेडिकल येतं, लॅब येते, चार पोरींना कंपाउंडरचं काम मिळतं. राज्य सरकार आणि कारखाना यांचा व्यवहारही थोडाफार याच चालीचा आहे, फक्त आकडे कोटींत आहेत.

सवलत किती मिळणार हे ठरतं तालुक्यावरून. प्रत्येक तालुक्याला एक गट दिलेला असतो. ‘ए’ म्हणजे सगळ्यात विकसित, मग ‘बी’, ‘सी’, ‘डी’ आणि ‘डी प्लस’. नक्षलग्रस्त भाग आणि जिथे उद्योगच नाही असे जिल्हे यांचा वेगळा वर्ग आहे. गट जितका मागास, तितकी सवलत जास्त आणि ती मिळण्याची वर्षंही जास्त. मुद्रांक शुल्क माफ, काही वर्षं वीज शुल्क माफ, छोट्या उद्योगांना व्याजाचा काही भाग, आणि यातलं सगळ्यात वजनदार म्हणजे कारखान्याने भरलेल्या राज्य जीएसटीइतकं अनुदान. त्याच्याकडे पुढे येऊच.

करार झाला म्हणजे काम झालं का?

नाही. दावोसला किंवा मुंबईतल्या गुंतवणूक परिषदेत ज्यावर सह्या होतात तो ‘सामंजस्य करार’ असतो. आमचा इथे अमुक कोटी गुंतवण्याचा विचार आहे असं कंपनी म्हणते, आणि आम्ही मदत करू असं सरकार म्हणतं. दोघांपैकी कोणी मागे हटलं तर कोर्टात जाता येत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ परिषदेत ४,१०६ करार झाले होते, एकूण रक्कम १२ लाख १० हजार कोटी. त्याच रकमेचे कारखाने उभे राहिले असते तर राज्याचा नकाशा आज ओळखू आला नसता.

करारापासून उत्पादनापर्यंतची वाट लांब असते आणि ती एमआयडीसीच्या कार्यालयांतून जाते. भूखंडासाठी अर्ज, मग पैसे भरा असं सांगणारं पत्र, पैसे भरल्यावर वाटपाचा आदेश, जागेवर मोजणी होऊन ताबा पावती. त्यानंतर बांधकामाचा नकाशा मंजूर करून घ्यायचा, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र मिळवायचं, शेड उभी करायची आणि बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला घ्यायचा. या दाखल्याला एमआयडीसीत सगळे ‘बीसीसी’ म्हणतात. मग वीजजोडणी, यंत्रं, चाचणी उत्पादन. हे सगळं झाल्यावर उद्योग विभाग ‘पात्रता प्रमाणपत्र’ देतो, आणि तिथून पुढे सवलतीचे दावे दाखल करता येतात.

लोकांच्या मनात एक समज पक्का बसलेला आहे, की सरकार कंपनीला आधीच पैसे देतं आणि कंपनी ते घेऊन पसार होते. आपल्या राज्याच्या या योजनेत तसं होत नाही. गुंतवणूक आधी, उत्पादन आधी, पैसे नंतर. उलट उद्योजकांची तक्रार असते की मंजूर झालेलं अनुदान वेळेवर हातात पडत नाही. मोठी कंपनी थांबू शकते. बँकेचं कर्ज काढून शेड उभारलेल्या छोट्या उद्योजकाला असं थकलेलं येणं फार महागात पडतं. जे वेळेवर देता येणार नाही ते कबूल करू नये, एवढी साधी अपेक्षा सरकारकडून ठेवायला हरकत नाही.

गैरवापर होतो तो भूखंडाचा. स्वस्तात भूखंड घ्यायचा, कंपाउंड घालायचं, कोपऱ्यात एखादी शेड टाकून बीसीसी मिळवायचा आणि भाव चढला की हस्तांतर करायचं. राज्यातल्या बऱ्याच एमआयडीसींत बाभळी माजलेले रिकामे भूखंड दिसतात, आणि खरोखर मशीन टाकू बघणाऱ्याला मात्र जागा शिल्लक नाही असं उत्तर मिळतं.

सवलतीचे पैसे कोणाच्या खिशातून जातात?

आपल्याच. पण ते कसे, हे जीएसटी समजल्याशिवाय कळत नाही, आणि या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथेच दडलेली आहे.

समजा, जालन्यातल्या एका कारखान्याने शंभर रुपयांची वस्तू बनवली आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी आहे. ती वस्तू नाशिकच्या व्यापाऱ्याने घेतली, तर १८ पैकी ९ रुपये केंद्राचे आणि ९ महाराष्ट्राचे. तीच वस्तू चेन्नईला विकली गेली, तर राज्याचा वाटा म्हणून असलेले ९ रुपये तमिळनाडूला मिळतात. जीएसटी हा माल जिथे वापरला जातो तिथल्या राज्याचा कर आहे, माल जिथे बनतो तिथला नाही. (कच्च्या मालावर भरलेला कर वजा होतो, ती आकडेमोड इथे सोडून देऊ.)

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू होण्याआधी हे चित्र वेगळं होतं. बाहेरच्या राज्यात माल विकला तरी त्यावरचा केंद्रीय विक्रीकर, थोडा का होईना, कारखाना असलेल्या राज्याला मिळायचा. आता कारखाना आपल्याकडे, पाणी आपलं, रस्त्यावरचे ट्रक आपले, सांडपाणी आपल्या नदीत, आणि परराज्यात गेलेल्या मालावरचा कर मात्र तिकडचा. त्यात आपल्या राज्यात विकलेल्या मालावरचा करही अनुदान म्हणून कारखान्याला परत द्यायचा म्हटलं, तर सवलतीच्या काळात त्या कारखान्याच्या जीएसटीतून तिजोरीत फारसं काही उरत नाही.

मग राज्याला मिळतं काय? पगार. कामगार घरभाडं देतो, किराणा भरतो, मोटारसायकल घेतो, पोराला शाळेत घालतो, आणि त्या प्रत्येक खर्चातून कर आणि रोजगार तयार होतो. शिवाय कारखाना जे सुटे भाग, पॅकिंग, वाहतूक, जेवणाचे डबे स्थानिक बाजारातून घेतो ते. म्हणून कारखाना किती कोटींचा आहे यापेक्षा तो किती माणसांना किती पगारावर ठेवतो आणि आजूबाजूला किती खरेदी करतो, हे आकडे जास्त कामाचे. हजारो कोटींचं डेटा सेंटर मोजक्या माणसांवर चालतं. बातमीत मात्र कोटींचाच आकडा ठळक छापला जातो.

सवलत दिली म्हणून उद्योग येतो का?

अमेरिकेत यावर पुष्कळ संशोधन झालं आहे, कारण तिथली राज्यंही एकमेकांशी अशीच झगडतात. टिमोथी बार्टिक या अर्थशास्त्रज्ञाने २०१८ मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. सवलत मिळालेल्या कंपन्यांपैकी २ ते २५ टक्केच सवलतीमुळे तिथे आल्या होत्या, असं त्याला आढळलं. उरलेल्या सवलत नसती तरी आल्या असत्या. अमेरिकेचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण आपल्याकडचे उद्योजक खासगीत बोलतात तेही याच सुरात असतं: सवलत मिळाली तर घेऊ, पण जागा आम्ही तेवढ्यावर ठरवत नाही.

मग कशावर ठरवतात? वाळूजकडे बघा.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये १९८५ साली बजाज ऑटोने कारखाना सुरू केला. मराठवाडा मागास, सवलती भरपूर, पुण्याचं अंतर एका दिवसात जाऊन येण्याइतकं. स्कूटर आणि मोटारसायकल बनवणाऱ्या कारखान्याला शेकडो सुटे भाग लागतात, आणि ते रोज, वेळेवर, सारख्या दर्जाचे लागतात. सगळे पुण्याहून आणणं परवडणारं नव्हतं. म्हणून भाग पुरवणारे कारखाने शेजारी उभे राहिले. अनुरंग जैन यांनी १९८५ मध्येच ॲल्युमिनियमचे ओतीव भाग बनवायला सुरुवात केली. त्यातून आजची एन्ड्युरन्स कंपनी झाली, जिचे कारखाने इटली आणि जर्मनीतही आहेत. त्यांचे जुळे बंधू तरंग जैन यांची व्हॅरॉक कंपनीही याच मातीत वाढली. दोन्ही कंपन्या आज शेअर बाजारात आहेत.

पण मला वाळूजची खरी कमाई त्यांच्याही खालच्या पायरीवर दिसते. मोठ्या कंपनीला भाग देणाऱ्या कंपनीला आणखी छोटे भाग कोणीतरी द्यावे लागतात. ते देणाऱ्या शेडमध्ये दोन-तीन सीएनसी (संगणकावर चालणारी) मशीन असतात, एका कोपऱ्यात तयार बुशचे, म्हणजे धातूच्या छोट्या नळकांड्यांचे, क्रेट रचलेले, भिंतीवर रिजेक्शनचा, म्हणजे नापास मालाचा, तक्ता खडूने लिहिलेला. मालक बहुतेक वेळा पूर्वी कुठल्यातरी कंपनीत टूलरूमला किंवा क्वालिटीला नोकरीला होता. व्हर्नियर हे बारीक मापाचं साधन गळ्यात अडकवून तो स्वतः माप घेतो, कारण एक लॉट परत आला की महिन्याची कमाई गेली. अशा माणसाला सामूहिक प्रोत्साहन योजनेने बोलावलेलं नसतं. तो तिथेच घडला. चिकलठाण्यातल्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये साचे बनवायला शिकलेली पोरं या सगळ्या साखळीत ठिकठिकाणी भेटतात.

२००१ मध्ये श्कोडाने शेंद्र्यात गाड्या जुळवायला सुरुवात केली. नंतर दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेचा भाग म्हणून शेंद्रा आणि बिडकीन इथे मिळून दहा हजार एकरांच्या आसपास जमिनीवर ‘ऑरिक’ हे औद्योगिक शहर आखलं गेलं. जमीन संपादन झालं, रस्ते झाले, जमिनीखालून केबल आणि पाइपलाइन झाल्या, सप्टेंबर २०१९ मध्ये ऑरिक हॉल या प्रशासकीय इमारतीचं उद्घाटनही झालं. तरी बिडकीन बराच काळ जवळजवळ रिकामंच होतं. शेतकरी विचारायचे, जमीन घेतली कशाला? मग २०२४ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटर बनवणारी एथर एनर्जी आली, टोयोटा किर्लोस्करने सुमारे वीस हजार कोटींच्या प्रकल्पासाठी करार केला, पाठोपाठ इतरही मोठ्या कंपन्यांनी जागा मागितली. सवलती त्यांनाही मिळणार आहेतच. पण तयार जमीन, समृद्धी महामार्ग आणि चाळीस वर्षांत घडलेले वाहनांचे सुटे भाग बनवणारे हात हे तिथे आधीपासून हजर होते. माझ्या मते पारडं त्यांनीच फिरवलं.

हाच पाया नसलेल्या ठिकाणी ‘डी प्लस’चा शिक्का पुरत नाही.

“मग मोठे प्रकल्प गुजरातला का जातात?”

हा प्रश्न सप्टेंबर २०२२ मध्ये फार तापला होता. तळेगावला येणार असं वाटत असलेला वेदान्त-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर (चिप) प्रकल्प गुजरातला गेला; करार १.५४ लाख कोटींचा, रोजगाराचा दावा एक लाखाचा. पुढच्याच महिन्यात टाटा-एअरबसच्या लष्करी मालवाहू विमानांच्या प्रकल्पाची पायाभरणी वडोदऱ्यात झाली, ज्यावर नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्राने आशा लावल्या होत्या. विधानसभेत आणि रस्त्यावर भांडणं झाली.

पुढचं कमी लोकांनी वाचलं. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने वेदान्तबरोबरची भागीदारी सोडली आणि तो प्रकल्प त्या रूपात कुठेच उभा राहिला नाही. विमानांचा प्रकल्प मात्र वडोदऱ्यात खरोखर उभा राहिला. म्हणजे ‘पळवले’ म्हणून दोन्हींना एकच लेबल लावलं तरी एकात आपण कागद गमावला आणि दुसऱ्यात कारखाना.

सेमीकंडक्टरमध्ये गुजरातची बोली किती मोठी होती तेही समजून घ्या. चिप बनवण्याच्या प्रकल्पाचा निम्मा खर्च केंद्र सरकार देतं. गुजरातने २०२२ च्या धोरणात केंद्राच्या मदतीच्या ४० टक्के रक्कम वरून देऊ केली, म्हणजे प्रकल्पाच्या खर्चाचे आणखी २० टक्के. साणंदच्या मायक्रॉन कंपनीचा प्रकल्प २७५ कोटी डॉलरचा, त्यात कंपनीचे स्वतःचे जास्तीत जास्त साडेब्याऐंशी कोटी. शंभरातले सत्तर रुपये करदात्यांचे. देशाला चिप हव्यात म्हणून केंद्राने हा खर्च करणं एकवेळ समजू शकतं. पण राज्यांनी आपापसात त्यावर चढाओढ करणं मला पटत नाही, कारण कारखाना देशात येणारच असतो. तो कुठल्या राज्यात, एवढ्यासाठीच जास्तीचा पैसा जातो.

साणंदचं उदाहरण मात्र एका गोष्टीसाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. २००८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या सिंगूरहून टाटांचा नॅनो गाडीचा प्रकल्प तिथे गेला. ती गाडी चालली नाही आणि २०१८ मध्ये बंद पडली. फोर्डने साणंदला कारखाना काढला, तोही २०२१ मध्ये बंद करायचं ठरवलं. टाटांनी तो विकत घेऊन पुन्हा चालू केला. दोन मोठे प्रकल्प फसूनही साणंद ओस पडलं नाही, कारण तोपर्यंत आसपास वाहन उद्योगाची वस्ती जमली होती.

“सवलतीची ही शर्यत सगळ्यांनी थांबवली तर?”

सगळ्यांनी थांबवली तर उत्तमच. एकट्याने थांबवली तर काय होतं हे पिंपरी-चिंचवडने अनुभवलं आहे. २००३ मध्ये केंद्राने उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेशसाठी दहा वर्षांची उत्पादन शुल्क माफी जाहीर केली. औषधाच्या कंपन्या हिमाचलमधल्या बद्दीला गेल्या, वाहनांच्या उत्तराखंडमधल्या पंतनगर-हरिद्वारला. २००७ मध्ये बजाज ऑटोने पंतनगरला कारखाना सुरू केला आणि त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडच्या आकुर्डीतलं वाहन उत्पादन थांबवलं. आकुर्डीत कुशल कामगार होते, पुरवठादार होते, सगळं होतं. कराचा फरकच एवढा मोठा होता की बाकीचं तोकडं पडलं.

म्हणजे सवलत अगदीच निरुपयोगी नाही. फार मोठी असेल तर ती उद्योग हलवू शकते. फक्त ती बहुधा एकीकडचा रोजगार दुसरीकडे नेते.

सवलत द्यायचीच असेल तर ती कामाशी बांधलेली असावी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने २०१७ मध्ये फॉक्सकॉनला सुमारे तीन अब्ज डॉलरची सवलत कबूल केली होती, १३ हजार नोकऱ्यांच्या बदल्यात. नोकऱ्या आल्या नाहीत. पण रोजगार आणि गुंतवणूक होईल तशी रक्कम द्यायची असं करारात लिहिलेलं असल्यामुळे, २०२१ मध्ये तो करार १,४५४ नोकऱ्या आणि ८ कोटी डॉलर इतका खाली आणता आला. जमिनी आणि रस्त्यांवर झालेला सरकारी खर्च परत आला नाही, तरी मोठी रक्कम वाचली.

आपल्याकडे अनुदानाची कमाल मर्यादा कारखान्यातल्या गुंतवणुकीच्या प्रमाणात ठरते. त्यामुळे जास्त यंत्रं आणि कमी माणसं लावणाऱ्यालाच जास्त अनुदान मिळू शकतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांसाठी २०१६ मध्ये आलेल्या वीज सवलतीचं तेच झालं; तिचा मोठा वाटा भरमसाट वीज लागणाऱ्या मोजक्या पोलाद कारखान्यांकडे गेल्याची टीका झाली. हे मोजमाप पगारावर आणायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

“जमीन आमची जाते, नोकरी कोणाला मिळते?”

हा आक्षेप सगळ्यात खरा आहे. एमआयडीसीच्या कायद्यातल्या कलम ३२ ची नोटीस आली की सातबाऱ्याच्या इतर हक्कांत शिक्का पडतो. तिथून पुढे जमीन विकता येत नाही, बँक कर्ज द्यायला कां-कूं करते, विहीर पाडावी की नाही कळत नाही. मोबदला मिळेपर्यंत वर्षं जातात. ज्या घरात मोबदला येतो तिथेही तो भावाभावांत वाटला जातो, घर बांधलं जातं, गाडी येते, आणि पाच-सात वर्षांत हातात फार थोडं उरतं. पैशाबरोबर १५ टक्के विकसित भूखंड परत देण्याचं धोरण म्हणूनच महत्त्वाचं. चाकण परिसरात लोक त्याला ‘परतावा’ म्हणतात आणि त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं हेलपाटे घालावे लागले आहेत.

लोकांना विचारलं तर ते बोलतात, हेही आपण पाहिलेलं आहे. २००८ मध्ये रायगडच्या पेण तालुक्यातल्या २२ गावांत महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) लोकांचा कौल घेतला गेला, आणि पुढे तो सेझ उभा राहिला नाही.

नोकरीबद्दल सरकारचा नियम आहे. सवलत घेणाऱ्या उद्योगाने पर्यवेक्षकाच्या जागांवर ५० टक्के आणि बाकी जागांवर ८० टक्के स्थानिक घ्यायला हवेत. ऐकायला छान आहे. पण ‘स्थानिक’ म्हणजे पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिलेला कोणीही. बिडकीनच्या शेतकऱ्याचा मुलगा आणि कोल्हापूरहून आलेला इंजिनिअर या नियमापुढे सारखेच. शिवाय कंपनीच्या पटावर कायम कामगार थोडे आणि गेटच्या आत काम करणारे बहुतेक ठेकेदाराचे, ही आता सगळीकडचीच रीत झाली आहे. सहा-आठ महिन्यांनी ब्रेक, मग दुसऱ्या गेटवर नवा बायोडाटा. त्या पोराला लग्नाला मुलगी मिळत नाही, कारण पोरीचा बाप विचारतो: पर्मनंट आहे का?

यावर उपाय नियम कडक करण्यापेक्षा आधीच्या तयारीत आहे. कंपनीला जागा दिल्यापासून उत्पादन सुरू होईपर्यंत दोन-तीन वर्षं जातात. आयटीआयचा कोर्सही एक-दोन वर्षांचा असतो. कंपनीला कुठलं काम लागणार ते पहिल्याच दिवशी विचारून त्याच तालुक्यातल्या आयटीआयमध्ये ते मशीन, तो निदेशक आणि त्या गावांतल्या मुलामुलींसाठी जागा ठेवल्या, तर दार उघडेल तेव्हा माणूस तयार असेल. मोठ्या प्रकल्पाबरोबर अशी अट घालणं सरकारला सहज शक्य आहे.

“प्रत्येक तालुक्यात एमआयडीसी का काढत नाहीत?”

बऱ्याच तालुक्यांत काढलेल्या आहेत, आणि म्हणूनच त्यांतल्या अनेक रिकाम्या आहेत. थोडी-थोडी जमीन सगळीकडे वाटली की कुठेच दाट वस्ती होत नाही. बुटीबोरी, शेंद्रा, कागल-हातकणंगले अशा मोठ्या वसाहतींवर भर द्यावा लागला तो याच कारणाने.

आणि उद्योग नेहमी बाहेरूनच आणावा लागतो असंही नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये, म्हणजे प्रोत्साहन योजना आली त्याच वर्षी, जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली. मोठं बंदर नाही, विद्यापीठ नाही, तरी जालना बियाण्यांचं गाव म्हणून देशभर ओळखलं गेलं. आसपासचे शेतकरी बीजोत्पादन शिकले, तिथून बाहेर पडलेल्यांनी स्वतःच्या कंपन्या काढल्या. अशा घरच्या उद्योजकाला दावोसचं व्यासपीठ मिळत नाही. त्याला लागतो तो दोन गुंठ्यांचा गाळा, दिवसा न जाणारी वीज, आणि वेळेवर पैसे देणारं गिऱ्हाईक.

पाण्याचं तर बोलायलाच हवं. जायकवाडी पैठणला, उद्योगांना तिथून पाणी, आणि संभाजीनगरच्या कित्येक वस्त्यांत नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येतं. नव्या कारखान्यांच्या कामगारांची घरं याच शहरात होणार आहेत.

पुढची बातमी आली की काय विचारायचं?

तुमच्या जिल्ह्यात अमुक हजार कोटींचा प्रकल्प आला, असं वाचलंत तर आकड्यावर थांबू नका. भूखंडाचं वाटप झालं का आणि ताबा पावती कुठल्या तारखेची आहे, हे एमआयडीसीच्या प्रादेशिक कार्यालयात कळतं. माहिती अधिकारातही विचारता येतं. नकाशा मंजूर झाला का, बीसीसी मिळाला का. पाणी कुठल्या धरणातून, किती मंजूर झालं. उत्पादन सुरू असेल तर पात्रता प्रमाणपत्र मिळालं का आणि आतापर्यंत किती अनुदान दिलं गेलं. कंपनीच्या स्वतःच्या पटावर किती लोक आहेत आणि ठेकेदारांमार्फत किती, हे जिल्हा उद्योग केंद्राला विचारा. सुटे भाग आणि सेवा जिल्ह्यातून किती घेतल्या जातात, हे बहुधा कोणीच मोजत नाही. आमदार-खासदारांना विचारायचा पहिला प्रश्न मी तोच ठेवीन.